पाणी मागाहून घातलं

तामोरे मास्तरांनी मला पहिला धक्का दिला तो माझ्या भाकरीवरून.

शाळेतला माझा तो दुसरा की तिसरा दिवस. मी सफाळ्याहून सकाळच्या शटलनं पालघरला यायचे, भूगोल शिकवायचे आणि मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत कोपरा धरून डबा खायचे. डबा उघडला, तांदळाची भाकरी मोडणार, एवढ्यात समोरून कुणीतरी म्हणालं, "बाई, ती भाकरी खाऊ नका."

माझा हात जागच्या जागी थांबला. पाल पडली असेल, नाहीतर आणखी काही. मी डबा दूर सारला. समोरचे सावळे, खांद्यात जरा वाकलेले गृहस्थ उठले, भाकरी दोन्ही हातांनी अलगद उचलून खिडकीपाशी घेऊन गेले आणि उजेडात धरून तिच्यावरचे भाजल्याचे डाग बघत बसले. मग खिशातून पेन्सिल काढली, कुणाच्या तरी चाचणीच्या पेपरची कोरी बाजू पुढं ओढली आणि चित्र काढायला लागले. सुट्टी संपल्याची घंटा झाली तेव्हा भाकरी आणून पुन्हा डब्यात ठेवली. "झालं. आता खा," म्हणाले. आता काय खाणार, कपाळ? माझा तास होता.

तीन महिन्यांनी मुलांच्या एका मासिकात पानभर चंद्र छापून आला. खाली सशाचं कुटुंब, वर तो चंद्र. सगळ्या शिक्षकांनी वाहवा केली. मी बघतच राहिले. आईनं घाईत तवा जास्त तापवला की भाकरीच्या डाव्या कडेला एक लांबट डाग पडायचा, तो डाग चंद्राच्या डाव्या कडेला होता.

दामोदर तामोरे आमच्या शाळेचे ड्रॉइंग मास्तर. शाळा सुटल्यावर मुंबईच्या प्रकाशकांसाठी लहान मुलांच्या पुस्तकांतली चित्रं काढायचे आणि कागदाची गुंडाळी पोस्टानं पाठवायचे. मूळचे मुरब्याचे, मांगेल्यांच्या, म्हणजे दर्यावर मासेमारी करणाऱ्यांच्या, घरातले. पालघरात स्टेशनजवळ एका खोलीत एकटे राहत आणि शनिवारी शाळा सुटली की बोईसरवरून मुरब्याला आईकडं, बहिणीकडं जात. त्यांचा एकच नियम होता, आणि तो ते देवाच्या नेमासारखा पाळत. बघितलं नाही ते काढायचं नाही.

हे ऐकायला सोपं वाटतं. पण मुलांच्या पुस्तकात राक्षस असतात, पऱ्या असतात, सोन्याचे महाल असतात. मास्तर ते सगळं आपल्या याच मुलखात शोधायचे. राजकन्येच्या कानात मासवणहून बाजाराला येणाऱ्या बाईच्या कानातलं असायचं. महालाच्या खिडकीची जाळी म्हणजे बहीण दारात बसून जाळं विणते ती वीण. राक्षसाच्या अंगावर घोळ माशाची खवलं. पाऊस काढायचा तर वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, ओळीनं वाळत टाकलेले बोंबील आठवायचे आणि तशा रेघा खाली सोडायच्या. त्या वर्षांत बोईसर-तारापूरकडं मोठं बांधकाम सुरू झालं होतं. एकदा मी बोईसर स्टेशनवर उतरले तर मास्तर फलाटावर मांडी घालून बसलेले, मांडीवर मजुराची लोखंडी टोपी, आणि मागं तो मजूर उघड्या डोक्यानं उभा.

"मास्टरजी, टोपी दे दो, हाजिरी लग जाएगी."

"रुको भाई, पोचा आला आहे इथं, तो राहिला," मास्तर म्हणाले. अर्धं हिंदी, अर्धं मराठी. पुढं एका गोष्टीत राजाचे शिपाई त्या टोप्या घालून पहाऱ्यावर उभे राहिले. पोच्यासकट.

"मास्तर, याला काही कल्पनाशक्ती म्हणत नाहीत," मी एकदा त्यांना चिडवलं.

"कल्पना म्हणजे न बघता मारलेली थाप," ते म्हणाले. "मुलं लगेच पकडतात, बाई. मोठी माणसं पकडत नाहीत."

वर्गातही तेच. आंबा, पोपट, कळशी असलं काही त्यांनी कधी फळ्यावर काढलं नाही. मुलांना सांगायचे, घरात आई जी वस्तू सगळ्यात जास्त वापरते ती आणा. मग वर्गात झिजलेली उलथनी, दांडा तुटलेली विळी, उमरोळीच्या एका मुलीनं तर पोटाशी धरून पाट्याचा वरवंटा आणलेला. हेडमास्तरांबरोबर तपासणीला आलेल्या साहेबांना वाटलं लिलाव चाललाय. मास्तरांनी त्यांना बसायला सांगितलं नाही, नमस्कार केला नाही. त्यांच्या हातातली छत्री मागून घेतली आणि तिची झिजलेली मूठ मुलांना दाखवली. "बघा, साहेब कुठं जोर देतात." हेडमास्तरांचा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

पण हे सगळं हसण्यावारी नेण्यासारखं होतं. तिरडीची गोष्ट तशी नव्हती.

हेडमास्तरांची आई वारली. आम्ही सगळे त्यांच्या घरी गेलो. बायका आत, पुरुष अंगणात. मी दारातून पाहिलं तर चार माणसं बांबू आणि काथ्या घेऊन तिरडी बांधत होती आणि तामोरे मास्तर त्यांच्यात उकिडवे बसले होते. मला वाटलं मदत करतायत. ते मदत करत नव्हते. प्रत्येक गाठ कशी पडते ते मान वाकडी करून बघत होते, आणि एका म्हाताऱ्याला म्हणाले सुद्धा, "काका, ही जरा सोडून परत बांधता का?" म्हाताऱ्यानं त्यांच्याकडं असं पाहिलं की मीच आत सरकले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात स्नेहसंमेलनाची पत्रिका निघाली. चारही बाजूंनी सुबक नक्षी, दोरीच्या गाठींची. हेडमास्तरांना इतकी आवडली की त्यांनी ती चौकटीत बसवून आपल्या खुर्चीमागं टांगली. मला ओळख पटली, त्या तिरडीच्याच गाठी होत्या. मी मास्तरांना व्हरांड्यात गाठलं.

"तुम्हाला काही शुभ-अशुभ आहे की नाही?"

ते खरंच विचारात पडले. "गाठ चांगली होती, बाई," म्हणाले. "बांधणाऱ्यानं शेवटची म्हणून किती मन लावून बांधली होती. ती जळून गेली. कुठंतरी राहायला नको?"

 मी हे कुणाला सांगितलं नाही. हेडमास्तर रिटायर होईपर्यंत त्या नक्षीखाली बसणार होते, आणि हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक होतं. राग मात्र आला होता. या माणसाच्या डोळ्यांना सगळं सारखंच दिसतं, हे तेव्हा माझ्या लक्षात यायला हवं होतं.

श्रावण लागला होता. नारळी पौर्णिमा आठवड्यावर आली होती. मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीच्या दारात एक बाई येऊन उभी राहिली. काष्ट्याचं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू, पदराखाली काहीतरी घट्ट धरलेलं. मास्तर उठून उभे राहिले. "ताय, तू? इथं?" ती त्यांची थोरली बहीण जमना. तिनं पदराखालून एक पुस्तक काढलं आणि टेबलावर उघडून ठेवलं.

पुस्तक मास्तरांचंच होतं. दर्यावरच्या वादळाची गोष्ट. महिन्यापूर्वी छापून आलं तेव्हा त्यांनी स्वतः मुरब्याला नेऊन भाचीला दिलं होतं. उघडलेल्या पानावर खवळलेल्या पाण्यात एक होडी कुशीवर कलंडून बुडत होती.

"दामू, ही होडी कोनाची हाय?"

मास्तर खूश झाले. त्यांना वाटलं, बहीण एवढ्या लांबून शाबासकी द्यायला आली. "तुमचीच. ओळखलीस ना? तो अर्धा पट्टा बघ."

होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, प्रत्येक घराची आपली खूण असते. जमनाच्या नवऱ्याच्या, काशिनाथ नाखव्याच्या होडीवर एक पांढरा डोळा होता आणि त्याखाली तीन तांबडे पट्टे. तिसरा पट्टा अर्धाच. फार पूर्वी एका वर्षी रंग संपला म्हणून तो अर्धा राहिला, त्या वर्षी म्हावरं भरभरून मिळालं, म्हणून पुढं कुणी तो पुरा केला नाही. सगळ्या किनाऱ्यावर तशी दुसरी होडी नव्हती. चित्रातल्या होडीवर डोळा होता, दोन पट्टे होते आणि तिसरा अर्धा होता.

"बुडताना का काडलीस?" जमनानं विचारलं.

"बुडताना कुठं?" मास्तर म्हणाले. "वैशाखात डांबर लावायला दारात कलंडवली होती ना, तेव्हा काढली. तशीच्या तशी आहे बघ. पाणी मागाहून घातलं."

 मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. त्या चेहऱ्यावर लबाडी नव्हती, घाबरणंही नव्हतं. त्यांनी होडी खरीच काढली होती, आणि पाणी तर पाणीच.

मग जमनानं सांगितलं ते ऐकून मास्तर खुर्चीत बसले. पोरीनं पुस्तक कौतुकानं घरोघर दाखवलं होतं. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांना चित्र वाचता येत होतं. सात खलाशांपैकी पाच जणांनी येणार नाही म्हणून सांगितलं. त्यातले दोघं बांधकामावर कामाला लागले सुद्धा. होडी हाकणारा गोविंद तांडेल वीस वर्षं त्या होडीवर होता, त्यानं तर नुसते हात जोडले. पौर्णिमेला सगळ्या होड्या पाण्यात जाणार आणि नाखव्याची वाळूत बसणार. "हंगाम गेला तर आमी खायचं काय?" ती म्हणाली. आवाज चढवला नाही. तिथंच मला जास्त भीती वाटली.

मास्तर माझ्याकडं वळले. "बाई, तुम्ही चला. तुम्ही भूगोल शिकवता, समुद्राचं तुमचं ऐकतील."

आणि मी गेले. आता वाटतं, काय डोकं होतं माझं. भरती-ओहोटी फळ्यावर शिकवणारी बाई दर्यावर जन्म घालवलेल्यांना समजावायला निघाली. रविवारी नाखव्याच्या ओटीवर गोविंद तांडेल आणि खलाशी जमले. एका बाजूला मास्तरांची आई बसली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला; बोटांनी चाचपून सुकट निवडत होती. मी चांगलं पाच मिनिटं बोलले. चित्र म्हणजे कागद आणि शाई, वादळ वाऱ्यानं येतं, कागदानं येत नाही, वगैरे.

गोविंद तांडेलानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बाई, तुमी शिकलेल्या. एक सांगा. तुमचा फोटो भिंतीला टांगला आन् त्याला हार घातला. तुमी जित्या हाव. त्या फोटोखाली बसून तुमी जेवाल?"

 मी जेवले नसते. आजही जेवणार नाही.

"मी खूण पुसतो," मास्तर घाईनं म्हणाले. "डोळा, पट्टे, सगळं खरवडतो. नवं काढून देतो. मग ही ती होडी राहणारच नाही."

"डोला पुसतोस?" जमना म्हणाली. "होडी आंदली करतोस माजी?"

ओटीवरचा प्रत्येक माणूस त्यांच्याकडं बघत होता. पहिल्यांदाच मला दिसलं की मास्तरांना कळलं. जमिनीकडं पाहत ते म्हणाले, "मग पहिल्या फेरीला मी बसतो. चित्र काढणाराच बसला तर तुम्ही याल?"

हे ऐकून नाखवा उठूनच उभा राहिला. मला कारण ठाऊक नव्हतं, ते जमनाच्या तोंडून कळलं. मास्तर लहान असताना त्यांचे वडील दर्यावर गेले ते आलेच नाहीत. आईनं एकुलत्या एका मुलाला शाळेत घातलं आणि आपल्या पायाची शपथ घातली, होडीत पाय ठेवायचा नाही म्हणून. दर्यावरच्या घरातला माणूस, सगळ्या जन्मात होडीत बसला नव्हता. जाळी काढली, खवलं काढली, होड्या काढल्या, सगळं किनाऱ्यावर बसून.

"आये, सांग त्याला," जमना म्हणाली. "तुजी शपत हाय."

म्हातारी सुकट निवडायची थांबली. मला वाटलं आता ही रडेल, नाहीतर त्यांना बोल लावील. तिनं सूप बाजूला ठेवलं. "शपत मी घातली, मीच सोडते," ती म्हणाली. "होडी त्यानं काडली. आता बसल पन तोच."

एवढं बोलून तिनं सूप परत मांडीवर घेतलं.  ज्या एका गोष्टीसाठी त्या बाईनं सगळा जन्म जीव मुठीत धरला होता, ती तिनं एका वाक्यात लेकीच्या होडीसाठी टाकून दिली. गोविंद तांडेलानं टोपी काढून हातात धरली. "म्हातारे, तो बसला तर मी बसतो," तो म्हणाला. मागून एकेका खलाशानं मान हलवली.

होडी परत आली हे आत्ताच सांगून टाकते. उगाच जीव टांगणीला लावायची मला सवय नाही. दुसऱ्या दिवशी भरतीला आली, बऱ्यापैकी म्हावरं घेऊन, सगळी माणसं धड. मला हे शाळेत निरोपानं कळलं. पण बांधकामावर गेलेले दोघं परत आले नाहीत, त्यामुळं मास्तरांनी तो अख्खा हंगाम होडीवर काढला. उलट्या व्हायच्या म्हणे, तरी बसायचे. शाळेत राजीनाम्याचं पत्र आलं. कागद दोन्ही बाजूंनी कोरा होता, मधे तेवढ्या तीन ओळी. मी तो उजेडात धरून पाहिला, कुठं पेन्सिलीची रेघसुद्धा नव्हती. दिवाळीनंतर माझं लग्न झालं आणि मी नाशिकला गेले. पुढं काही वर्षांनी मुलांच्या पुस्तकांत त्यांची चित्रं परत दिसू लागली. मी माझ्या मुलांसाठी सगळी घेतली. खवलं होती, जाळी होती, झिजलेली उलथनी होती. होडी कुठल्याही पानावर नव्हती.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते पौर्णिमेला होडी सुटली त्या सकाळी. मी जाऊ नये असं घरी सगळ्यांचं म्हणणं होतं, तरी गेले.  मी तिथं बोलायला गेले होते, आणि बोलून काही झालं नव्हतं. किनाऱ्यावर अर्धं गाव लोटलं होतं, पण कुणी गलका करत नव्हतं. काशिनाथ नाखव्यानं नारळ वाहिला. मास्तरांनी पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, कमरेइतक्या पाण्यातून गेले आणि दोघा खलाशांनी ओढून त्यांना वर घेतलं. खलाशांनी मास्तरांना नाळेपाशी बसवलं, डोळ्याच्या आणि पट्ट्यांच्या बरोबर वर. सगळ्या गावाला दिसावेत म्हणूनच बहुतेक.

म्हातारीनं माझा हात धरला होता. तिला किनारा दिसत नव्हता, तर होडी कुठली दिसणार. तिची बोटं मिठानं खरखरीत झाली होती आणि धरणं इतकं घट्ट की माझ्या बांगड्या रुतल्या. होडीनं पहिली लाट कापली, नाळ वर उचलली गेली आणि खाली आपटली.

"काय करतो तो?" तिनं विचारलं.

"बसलेत. पुढंच बसलेत."

"बगतो ना? लहानपनापासून त्याला बगायचं याड. बगत असला तर त्याला काय होनार नाय."

मी बघितलं. मास्तरांनी दोन्ही हातांनी काठ घट्ट धरला होता. चेहरा पांढराफटक पडला होता. आणि डोळे गच्च मिटलेले होते, लहान पोर इंजेक्शन घेताना मिटतं तसे. जिनं तिरडीच्या काथ्याची गाठसुद्धा सोडली नव्हती ती नजर बंद होती. एवढा दर्या समोर होता, आयुष्यात पहिल्यांदाच आतून दिसणारा, आणि तो माणूस त्यातलं काहीही बघत नव्हता.

"बघतायत," मी म्हटलं. "सगळं बघतायत."

तेव्हा म्हातारीनं माझा हात सोडला.